सातची गोळी साडेआठला पोचते

बाबा एसटीत होते, चिपळूण डेपोत वाहतूक नियंत्रक. स्टँडवर त्या जाळीच्या खिडकीमागे बसून कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मधूनमधून माइकवर पुकारायचं. एकतीस वर्षं हेच केलं, त्यामुळे घरातसुद्धा वेळ म्हणजे वेळ. चहा पावणेसहाला, बातम्या सातला, आणि आम्ही क्लासवरून दहा मिनिटं उशिरा आलो तर आधी "का लेट?" आणि मग बाकी सगळं. हे सुरुवातीलाच सांगतेय कारण ज्या माणसाला मी जवळजवळ वर्षभर "बाबा, तुम्ही गोळ्या वेळेवर घेत नाही" म्हणून बोलत होते तो हा माणूस आहे.

२०१८ च्या गणपतीनंतर बँकेने त्यांचा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. घरी बसून त्यांनी एका कागदावर दहा वेळा सही केली आणि प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा बारीक होत गेली. अक्षर असं आकसत जाणं हे पार्किन्सन्सचं लक्षण असतं हे आम्हाला कुठे माहीत, उजव्या हाताचा अंगठा थरथरायचा त्याला आम्ही वय म्हणायचो, आणि चालताना एक हात हलतच नाही हे तर कोणी बघितलंच नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टने त्यांना चालायला लावलं, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, हात सैल सोडा म्हणून मनगट वाकवून बघितलं आणि सांगितलं. कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स. तेव्हा ते ६३ चे होते.

आता औषधाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. या आजारात मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. डोपामिन नुसतं गोळीतून दिलं तर ते मेंदूत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, ते मेंदूत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. वाटेतच, म्हणजे मेंदूबाहेरच त्याचं रूपांतर होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं. आपल्याकडे सिंडोपा नावाने मिळते ती हीच जोडी. (आपल्या कोकणात कुंपणावर चढणारी खाजकुइली असते ना, तिच्या बियांमध्ये हेच लेव्होडोपा निसर्गतःच असतं. पण म्हणून कोणी आपल्या मनाने बियांची पावडर सुरू करू नका, त्यातून पोटात नक्की किती जातंय ते कळत नाही आणि चालू गोळ्यांबरोबर ते जास्त होऊ शकतं.)

खरी अडचण अशी की लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मं होतं. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत हे जाणवत नाही कारण मेंदूत अजून थोडी साठवण शिल्लक असते, गोळी अर्धा तास मागेपुढे झाली तरी चालून जातं. नंतर ती साठवण संपते आणि मग गोळी संपली की माणूस संपला अशी गत. चालू असतं त्याला ऑन म्हणतात आणि बंद पडतं त्याला ऑफ. ऑफ म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळणार नाही. बाबा बेसिनसमोर हातात ब्रश धरून उभे असायचे, तोंडाला फेस, आणि हात वर जात नाही. दारातून आत पाय टाकायचाय पण पाय फरशीला चिकटलेत. आवाज तर असा बारीक होतो की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. आणि तोच माणूस पुढच्या पाऊण तासात उठून बागेत नारळीला पाणी घालतो, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं यांना काय झालंय, मघाशी तर बरे होते.

बीपीची गोळी तासभर उशिरा घेतली तर घरात कोणाला पत्ता लागत नाही. या गोळीचा उशीर मात्र सगळ्या घराला दिसतो.

२०२२ च्या पावसाळ्यापासून सकाळी दहा वाजले की बाबा बंद पडायला लागले. मी पुण्यात, नोकरी, मुलाची शाळा, दोन महिन्यांतून एकदा चिपळूण. आई फोनवर सांगायची, आज पण दहाला अडकले, आज पण बाथरूममधून आणताना दोघांची पडायची वेळ आली. माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं की गोळ्या चुकतायत. इंटरनेटवर वाचलं तर तिथेही तेच, जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा मोठा अहवाल आहे, त्यात म्हटलंय की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराच्या रुग्णांपैकी सरासरी निम्मेच लोक सांगितल्याप्रमाणे औषध घेतात आणि गरीब देशांत त्याहून कमी. मग काय, माझी खात्रीच पटली. ६७ वर्षांचा माणूस, दिवसाला पाच वेळा गोळी, विसरणारच ना.

पहिल्यांदा फोनवर पाच अलार्म लावून दिले. ते आठवडाभरसुद्धा टिकले नाहीत, कारण अलार्म बंद करायला स्क्रीनवर बोट सरकवावं लागतं आणि थरथरत्या बोटाने ते सरकतच नाही, भलतंच काहीतरी दाबलं जातं, एकदा तर माझ्या नणंदेला व्हिडिओ कॉल गेला. मग मी ऑनलाइन शोधून तो डबा मागवला.

हा डबा म्हणजे गोल ताटलीसारखा असतो, आत २८ कप्प्यांची चकती, वरून कुलूप. प्रत्येक कप्प्यात त्या त्या वेळच्या गोळ्या भरायच्या, वेळा सेट करायच्या, वेळ झाली की चकती एक घर फिरते, डबा वाजतो, दिवा लागतो. मग डबा उचलून उपडा करायचा की गोळी खालच्या खाचेतून हातात पडते आणि अलार्म थांबतो. वायफायवरून माझ्या फोनवर मेसेज, घेतली की नाही घेतली. अर्ध्या तासात उपडा केला नाही तर लाल अक्षरात चुकली. मला वाटलं सुटलो बाबा एकदाचे.

पण हा डबा कोणासाठी बनवलाय ते कप्पे मोजल्यावरच कळतं. २८ म्हणजे दिवसाला चार वेळा गुणिले सात दिवस. ज्यांना बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल अशा सकाळ दुपार संध्याकाळ रात्र गोळ्या आहेत त्यांच्यासाठी बरोबर आहे, आठवड्यातून एकदा भरा आणि विसरा. बाबांना पाच वेळा, म्हणजे साडेपाच दिवसांत डबा रिकामा, म्हणजे भरायचा वार दर आठवड्याला बदलणार. आणि उपडा करायचा! ज्याचा हात थरथरतो त्याने जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढी जड वस्तू दोन हातांनी उचलून उलटी करायची आणि पडणारी गोळी झेलायची. गोळी पडायची सोफ्याखाली. आई टॉर्च घेऊन शोधायची. आणि कधी डबा नीट उलटा झालाच नाही की माझ्या फोनवर लाल अक्षरं.

आणि मग मी फोन करायचे. ऑफिसमधून, मीटिंगमधून बाहेर येऊन. "बाबा, अकराची घेतली नाहीत ना?" ते म्हणायचे घेतली. मी म्हणायचे इथे चुकली दाखवतंय. ते म्हणायचे, "अगं घेतली म्हणतो ना." आणि मी, मला आज लिहितानाही त्रास होतो, मी म्हणायचे की मशीन कशाला खोटं बोलेल. हे असं एकदा नाही, कितीतरी वेळा. हळूहळू त्यांनी माझ्याशी फोनवर बोलणं कमी केलं. आई फोन घ्यायची आणि सांगायची झोपलेत.

त्या डब्याला फक्त एवढंच कळतं की आपल्याला कोणीतरी उपडं केलं. गोळी तोंडात गेली का सोफ्याखाली ते त्याला कळत नाही, आणि पोटात गेल्यावर पुढे काय झालं ते तर नाहीच नाही. हा प्रश्न फक्त आमच्या डब्याचा नाही. गोळ्यांच्या बाटलीला चिप असलेलं झाकण बसवून ते किती वाजता उघडलं याची नोंद ठेवायची पद्धत तर १९८० च्या दशकापासूनची आहे, औषधांच्या अभ्यासात ती वापरतात, पण तिथेही झाकण उघडणं म्हणजे गोळी घेणं असं धरूनच चालावं लागतं. मग लोकांनी थेट गोळीतच सेन्सर घातला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने अशा पहिल्या गोळीला परवानगी दिली, अबिलिफाय मायसाइट, स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या मानसिक आजारांच्या रुग्णांसाठी. वाळूच्या कणाएवढा सेन्सर, जठरातल्या रसाने जागा होतो, डाव्या बरगड्यांवर चिकटवलेल्या पट्टीला सिग्नल देतो, पट्टी फोनला सांगते. तो सेन्सर बनवणाऱ्या प्रोटियस कंपनीने २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. माझं मत विचाराल तर ज्या आजारात कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय अशी भीती हेच लक्षण असू शकतं त्या आजारापासून ही सुरुवात करणं मला पटत नाही.

आणि आपल्याकडे तर गोळ्या बाटलीत नसतातच, स्ट्रिपमध्ये असतात. परदेशातली ही बहुतेक स्मार्ट झाकणं, स्मार्ट बाटल्या तिथल्या फार्मसीतून मोजून मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांसाठी आहेत. आपल्या स्ट्रिपचा विचार करून केलेली एक गोष्ट मला फार आवडली, ती आपल्याच देशातली आहे, टीबीच्या रुग्णांसाठीची ९९डॉट्स. औषधाच्या पाकिटाला एक छापील कव्हर लावलेलं असतं, गोळी ढकलून बाहेर काढली की तिच्यामागे लपवलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकटचा मिस्ड कॉल द्यायचा. पुढच्या वेळी कुठला नंबर निघेल हे रुग्णाला आधी माहीत नसतं, म्हणून कॉल आला म्हणजे गोळी बाहेर निघाली. ना वायफाय ना चार्जिंग, साधा बटणांचा फोन पुरे. पण तिथेही लघवीच्या चाचणीशी ताडून पाहिल्यावर असं निघालं की कॉल आणि प्रत्यक्ष औषध यांचा मेळ हवा तितका बसत नाही, कोणी गोळी घेऊन कॉल करत नाही तर कोणी कॉल करून गोळी घेत नाही. म्हणजे इतकी हुशारीने केलेली गोष्टसुद्धा गोळी पाकिटाबाहेर आली इथपर्यंतच पोचते.

आमच्याकडे हे कोडं बाबांनीच सोडवलं.

२०२३ च्या मे महिन्यात मुलाची सुट्टी म्हणून मी पंधरा दिवस चिपळूणला होते. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला बोलावलं आणि समोर एक वही ठेवली. लांबडी, जाड पुठ्ठ्याची, एसटीतल्या रजिस्टरसारखीच. रकाने आखलेले. तारीख, ठरलेली वेळ, सुटली, पोचली, संपली आणि शेवटी शेरा. सुटली म्हणजे गोळी गिळली ती वेळ. पोचली म्हणजे हात हलका झाला, शर्टाचं बटण लागलं ती वेळ. संपली म्हणजे परत पाय जड झाले ती वेळ. तीन आठवड्यांचं लिहिलेलं होतं, सकाळचं अक्षर मुंग्यांसारखं बारीक आणि ऑफमधल्या नोंदी आईच्या अक्षरात. म्हणाले, तुझ्या मशीनची यादी काढ आणि याच्या शेजारी ठेव.

अॅपमधून यादी काढली. २१ दिवस, पाच वेळा, १०५ नोंदी. ९८ नोंदी ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटांच्या आत. पाच लाल अक्षरातल्या, आणि त्या पाचही तारखांना वहीच्या शेऱ्यात लिहिलेलं होतं, डबा उलटा झाला नाही, गोळी स्ट्रिपमधून घेतली. खरा उशीर फक्त दोनदा, दोन्ही वेळा घरात पाहुणे होते. मी बराच वेळ काही बोललेच नाही. बाबा एवढंच म्हणाले, "गाडी वेळेवर सुटते गं. पोचते उशिरा."

सातची गोळी ७:०२ ला सुटायची आणि पोचायची साडेआठला. १०:१० ला संपायची. अकराची पोचायला सव्वाबारा. म्हणजे दहा ते बारा दोन तास माणूस बंद, आणि हे गोळी न चुकवता. दुपारी तीनची पोचायला साडेचार. फक्त संध्याकाळी सातची पाऊण तासात पोचायची, जी इतकी सरळ वागते ती का, हा प्रश्नसुद्धा त्यांनीच शेऱ्यात लिहून ठेवला होता.

ते घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. एरवी पाच मिनिटांत उरकणारे डॉक्टर वही घेऊन बसले, पानं उलटी सुलटी केली आणि विचारलं, सकाळची गोळी कशाबरोबर घेता? बाबा म्हणाले दुधाबरोबर, नाहीतर मळमळतं. तिथेच पहिली गाठ सुटली. लेव्होडोपा लहान आतड्यातून ज्या वाटेने रक्तात जातं त्याच वाटेने प्रोटीनमधली अमिनो अॅसिड जातात, एकच दार आणि दोघांची गर्दी. दूध, अंडं, मासे, डाळ यांच्यासोबत गोळी गेली की ती दाराशी थांबते. म्हणून जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यायची, मळमळत असेल तर दोन मारी बिस्किटं. दुपारचंही तेच, दीड वाजता बांगड्याचं कालवण आणि भात, पार्किन्सन्समध्ये जठर मुळातच सावकाश रिकामं होतं, म्हणजे तीनला गोळी आली तेव्हा बांगडा अजून दारातच उभा.

अकराची का लेट, हे मात्र माझ्यामुळे होतं. दिवाळीत हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली होती. डबा भरताना मी ती अकराच्या कप्प्यात टाकली, सिंडोपाच्या शेजारी, एका वेळी दोन्ही होऊन जातील, सोय. लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. हे दोन्ही डॉक्टरांपैकी कोणी सांगितलं नाही कारण एकाला दुसऱ्याची गोळी माहीत नव्हती, आणि केमिस्टने विचारलं नाही. पण एकत्र करायची कल्पना कप्प्यानेच दिली ना. स्ट्रिपमधून वेगवेगळ्या काढल्या असत्या तर कदाचित वेगळ्या वेळी घेतल्या असत्या. असले डबे वापरणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कुठली गोळी कुठल्या गोळीच्या शेजारी बसते हे एकदा डॉक्टरांना किंवा चांगल्या फार्मासिस्टला कप्पे दाखवून विचारून घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, यांचंही असंच आहे, त्यांच्यात तर चार तास ठेवायला सांगतात.

डॉक्टरांनी चार तासांचं अंतर तीनवर आणलं, प्रत्येक वेळची मात्रा थोडी कमी केली. मात्रा किती ते मुद्दाम लिहीत नाही, ती ज्याची त्याची वेगळी असते आणि ही गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही आणि अचानक बंद तर अजिबात करायची नाही, अचानक बंद केली तर अंग लाकडासारखं ताठून ताप चढू शकतो आणि ते जिवावर बेततं. आता साडेसहा, साडेनऊ, साडेबारा, साडेतीन, साडेसहा आणि रात्री दहाला सीआर, म्हणजे हळूहळू सुटणारी. बाबांनी तिचं नाव मुक्कामी गाडी ठेवलंय. ही चावून किंवा चुरून घ्यायची नसते. आणि मासळीचं जेवण रात्रीवर गेलं. कोकणातल्या माणसाला दुपारी वरणाऐवजी भाजी-भात आणि मासे रात्री, हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्या एका बदलावर आईबाबांचं पंधरा दिवस चाललं होतं. शेवटी बाबांनी स्वतःच वहीतली पोचली वेळ बघितली, साडेबाराची सव्वाला पोचली होती, आणि मग काही बोलले नाहीत.

दहा ते बाराचं बंद पडणं महिन्याभरात जवळजवळ गेलं. पूर्ण नाही, आजार वाढतो तो वाढतोच, पण बाबा सकाळी स्वतः दाढी करतात.

ऑन-ऑफची नोंद घेणारी यंत्रं आहेत, हे डॉक्टरांनीच सांगितलं. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं पर्सनल कायनेटिग्राफ नावाचं मनगटी घड्याळ आहे, ते आठवडाभर घालायचं, गोळीच्या वेळी ते मनगटावर थरथरतं, घेतली की त्यावर बोट ठेवायचं, आणि मधल्या वेळात हालचाल किती मंद होती, किती जास्त होती हे ते सतत मोजत राहतं. मग डॉक्टरांपुढे गोळीची वेळ आणि अंगाची हालचाल एकाच कागदावर. अॅपल वॉचवरचं स्ट्राइव्हपीडी नावाचं अॅप आहे, त्याला २०२२ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली, तेही कंप आणि जास्तीच्या हालचाली मोजतं. ही मला खऱ्या अर्थाने उपयोगाची यंत्रं वाटतात कारण ती सुटलीच्या पुढे जाऊन पोचली आणि संपली विचारतात. शुगरवाल्यांकडे हे आधीच आलंय, दंडावर चिकटवायचा तो सेन्सर १४ दिवस साखर दाखवत राहतो, म्हणजे इन्सुलिन कधी घेतलं एवढंच नाही तर घेतल्यावर काय झालं तेही दिसतं. माझ्या मावशीने तो एकदा लावला आणि तिला कळलं की रात्री दोन वाजता तिची साखर खाली जाते, तोवर ती पहाटेच्या घामाला पंख्याचा दोष देत होती.

आमच्याकडे शेवटी टिकलं ते सगळ्यात साधं, सहा-सात अलार्म लावता येणारं मनगटावर थरथरणारं घड्याळ. आवाज नाही, त्यामुळे आईची झोप मोडत नाही आणि देवळात, लग्नात चारचौघांत काही वाजत नाही. बाजूचं एक मोठं बटण दाबलं की थांबतं, सरकवायचं काही नाही. पहिल्या आठवड्यात अडचण अशी झाली की कंप कुठला आणि अलार्म कुठला हे कळेना, म्हणून डाव्या हातात घातलं, तो अजून बराच स्थिर आहे.

डबा टाकला नाही. पण कुलूप काढलं, उपडं करणं बंद, झाकण उघडून चिमटीने गोळी घ्यायची. सहा वेळांमुळे आता तो चार दिवसच पुरतो, आई सोमवारी आणि शुक्रवारी भरते. लाईट गेली की वायफाय जातं, आणि चिपळुणात पावसाळ्यात लाईट किती जाते ते तिथल्या माणसाला विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आईबाबा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर दोन दिवस होते, ना लाईट ना नेटवर्क, खाली घरात कमरेच्या वर पाणी. बाबांनी घरातून निघताना दोनच गोष्टी घेतल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि मनगटावरचं जुनं चावीचं घड्याळ. दोन दिवसांत एकही गोळी चुकली नाही. हे मला माहीत होतं. हे माहीत असूनही वर्षभरात मी त्यांना विसरभोळे ठरवलं, कारण फोनवर लाल अक्षरं येत होती.

एक प्रसंग अजून सांगते कारण तो बऱ्याच घरांवर येणार आहे. २०२४ च्या जानेवारीत बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, एका चांगल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये. रात्री बारानंतर पोटात काही नाही, म्हणून सकाळची गोळी नाही. ऑपरेशनला नेलं दुपारी. तोपर्यंत बाबांना कूस बदलता येत नव्हती. नंतर वॉर्डमध्ये घरची औषधं चालत नाहीत म्हणून घड्याळ, डबा, स्ट्रिप्स सगळं पिशवीत, आणि गोळ्या सिस्टरच्या राऊंडप्रमाणे, सकाळी, दुपारी, रात्री. तीन वेळा. मी सांगत होते की यांना तीन तासांनी लागते, सिस्टर म्हणत होत्या चार्टवर तसं नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं कारण चार्ट लिहिणाऱ्याने दिवसाची एकूण मात्रा बघितली होती, वेळा नाही. दुसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टच्या फोननंतर वेळा लिहिल्या गेल्या. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके संस्थेची याच एका गोष्टीसाठी वेगळी मोहीम आहे, हॉस्पिटलमध्ये ही गोळी ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळालीच पाहिजे म्हणून. तुमच्याकडे कोणाला अॅडमिट करायचं असेल तर आधीच भूलतज्ज्ञांना भेटा, सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर देता येईल का विचारा, आणि वेळांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, अशा गोष्टी तिथे बसलेल्या लोकांकडून जितक्या कळतात तितक्या कुठल्याही अॅपवरून कळत नाहीत.

माझ्या फोनवरचं ते अॅप मी काढून टाकलं. बाबांनी सांगितलं म्हणून. म्हणाले, तुला कळायला पाहिजे ना, मी पाठवतो. आता दर रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो येतो, थोडा हललेला असतो, पण वाचता येतो. आणि मग फोन, आणि आता फोन आईने नाही, त्यांनीच केलेला असतो.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही, कोणाला माहीत असेल तर खाली सांगा. नवीन वेळांमध्ये दोन वेळा दीड गोळी आहे, म्हणजे अर्धी गोळी आधीच कापून कप्प्यात ठेवावी लागते, आणि जुलैमध्ये चिपळूणच्या दमट हवेत ती चार दिवसांत डागाळते, लेव्होडोपाला ओलावा आणि उजेड दोन्ही चालत नाही. डब्याचं झाकण पारदर्शक आहे, त्यावर आईने काळा कागद चिकटवलाय, आणि ओलाव्यासाठी औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मधल्या गोल खाचेत ठेवून बघितल्या, थोडा फरक पडला. रोजच्या रोज कापायचं म्हटलं तर कटरने आईच्या हातून कधी पाऊण होते कधी पाव. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या कोणी यावर काही उपाय केला असेल तर प्लीज लिहा, पावसाळा यायच्या आत मला तो करून ठेवायचाय.